विटेएवढी जागा

भिंतीवर हातरुमालाएवढं प्लास्टिक चारी कडांनी चिकटवायचं आणि एक दिवस तसंच ठेवायचं. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे.

कच्चा टाका वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घालावा, म्हणजे नंतर काढताना सापडतो.

एका बाईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशेजारी निळ्या घोड्याचा कान आहे.

माझी डावी चप्पल नवी होती. उजवीही नवी होती, पण चावली डावी.

आई फोनवर ऐकताना डोळे मिटून घेते.

सहा शर्ट, प्रत्येकाला आठ गुंड्या.

*

तुकडे एकाच कापडाचे आहेत. मी कपडे शिवते, जोडून दाखवते.

ठोंब्या माझा धाकटा भाऊ. लहानपणी दहा हाका मारल्या तरी जागचा हलायचा नाही, म्हणून हे नाव. मोठेपणी हलला तो थेट त्या शहरात गेला. तिथे भिंतीभिंतींवर चित्रं आहेत, एका गल्लीत फक्त वाद्यं दुरुस्त करतात, आणि लोक जिन्यात बसून नाटकाच्या तालमी करतात. चार वर्षं झाली तरी तो तिथे नेमकं काय करतो ते आईला कळेना.

"तू जाऊन बघून ये," आई म्हणाली. "बरं चाललं असेल तर राहू दे त्याला. नुसताच भटकत असेल तर परत बोलावते. तू म्हणशील ते."

मी म्हणेन ते. हे ठोंब्यालाही ठाऊक होतं.

*

शनिवार. स्टँडवर तो मला घ्यायला आला, दाढी करून. हनुवटीवर कापलं होतं.

"ताई, दोन दिवसांत सगळं शहर दाखवतो. माझ्या भिंती धरून चालू, म्हणजे काही सुटायचं नाही."

तो शहर भिंतींच्या ओलीवरून ओळखत होता. कालव्याकडचा भाग रडका, जुन्या गिरण्यांकडचा खडखडीत, छापखान्यांची गल्ली वरून कोरडी आणि आतून लबाड. चालता चालता भिंतीवर तळवा टेकवायचा, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. वरच्या गच्चीत कुणीतरी तुतारीसारखं काहीतरी वाजवत होतं, एकच ओळ, पुन्हा पुन्हा चुकत. खाली एक म्हातारा ओरडला, "अरे, आता तरी पुढे जा!" रस्ताभर हशा.

पहिली भिंत चार मजली. तिच्यावर निळा घोडा.

"ही माझी."

"घोडा तू काढलास?"

"घोडा नाही गं. घोड्याच्या मागचं."

"घोड्याच्या मागचं म्हणजे शेपूट?"

तो हसला. मग समजावून सांगू लागला. जुना रंग खरवडायचा, भेगा भरायच्या, ओल बघायची, पांढऱ्याचे दोन हात द्यायचे. नीट झालं तर चित्र वीस वर्षं टिकतं, नाहीतर दुसऱ्या वर्षी पोपडे येतात.

"आणि पांढरा हात देण्याआधी कोऱ्या भिंतीवर पेन्सिलने एक नाव लिहायचं. आम्हा भिंतवाल्यांची पद्धत आहे. चित्र चित्रकाराचं, पण भिंत आपण कुणालाही देऊ शकतो."

"या भिंतीवर कोण आहे?"

"आई."

"म्हणजे मी आईला जाऊन सांगू, की तू घोड्याच्या खाली आहेस म्हणून?"

तो पोट धरून हसला. तेव्हा खरंच हसला. पुढे एका जिन्याजवळच्या भिंतीत बाबा होते. बाबा गेले त्या वर्षीची ती भिंत.

"आणि मी कुठे आहे?"

"उद्या. तुझं तूच लिही. भिंत स्टँडपासून चार मिनिटांवर आहे. चार वाजता पांढरा हात द्यायचाय, त्याआधी जाऊ."

*

रविवार. टाच सोलली होती. तेरा भिंती पाहून झाल्या होत्या आणि तेराही वेळा मला दुसऱ्याच कुणाचं तरी काम दिसलं होतं.

कालव्याजवळ परांचीवर एक चित्रकार बाई होती. ती खाली उतरली, हात पुसत म्हणाली, "तुमच्या भावाने हात लावल्याशिवाय मी भिंतीला ब्रश लावत नाही. गेल्या वर्षी भलत्याकडून भिंत करून घेतली, माझ्या राणीचं नाक गळून पडलं."

चांगली गोष्ट सांगत होती ती. पण सहा-सात जण भोवती उभे होते, सगळे शहरातले, रंगीत, हुशार. मला काहीतरी बोलायचं होतं.

"म्हणजे आमचा ठोंब्या जन्मभर घोड्याच्या मागचंच बघणार तर!"

सगळे हसले. ठोंब्याही हसला, सगळ्यांच्या नंतर.

पुढच्या वळणावर त्याने विचारलं, "ताई, आईला काय सांगशील?"

"बघू."

"बरं. त्या भिंतीपाशी गेल्यावर सांग. तिथे सावली आहे, बसता येईल."

"माझी बस तीनची आहे रे."

"तीनची? मला वाटलं..."

"तीनची."

तो धावत औषधाच्या दुकानात गेला आणि टाचेसाठी पट्टी घेऊन आला. फुटपाथवर गुडघ्यावर बसून त्याने ती लावली. आधी टाच पुसली, कोरडी झाली का बघितली, मग लावली. स्टँडच्या दाराशी मी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"जा तू. तुझी भिंत खोळंबेल."

त्या भिंतीसमोर उभी राहिले असते तर मला बोलावं लागलं असतं.

*

आईला मी एकही शब्द खोटा सांगितला नाही.

"भिंती पांढऱ्या करतो. त्यावर दुसरे चित्रं काढतात."

"मग त्याचं काय दिसतं?"

"काही नाही."

आईने फोन लावला. "ये रे परत," म्हणाली, आणि मग डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली. पलीकडून तो काय बोलला ते तिने मला कधी सांगितलं नाही. त्याचं शेवटचं तेवढं मला ऐकू आलं: "बरं."

*

तीन वर्षं तो माझ्या दुकानात बसतोय. गुंड्या, काज, दुमडी. आज सहा शर्ट होते. त्याने लावलेली गुंडी मागून पाहिली तरी पुढच्यासारखी दिसते. गिऱ्हाइकं खूश आहेत. तो वाईट वागत नाही, टोमणा मारत नाही, वेळेवर जेवतो. फक्त जाता-येता दुकानाच्या भिंतीवर तळवा टेकवायचा, ते त्याने पहिल्याच महिन्यात बंद केलं.

वीस वर्षं मी प्रत्येक कपडा देण्याआधी उलटा करून बघते. बाहेरून गिऱ्हाईक बघतं, शिंप्याने आतून बघायचं, हे मला आईच्या आईने शिकवलं. भावाच्या बाबतीत मी गिऱ्हाईक झाले.

गेल्या महिन्यात त्या चित्रकार बाईचा फोन आला. ठोंब्या दोरा आणायला गेला होता, म्हणून मी घेतला. तिला नवी भिंत करून हवी होती. बोलता बोलता म्हणाली, "तुम्ही गेलात त्या दिवशी त्याने अख्खी भिंत पांढरी केली आणि मधे विटेएवढी जागा सोडली. चारही कडांना चिकटपट्टी. आम्ही सगळे खोळंबलो. अंधार पडायला लागला तेव्हा त्यानेच पट्टी काढली आणि ती जागा भरली."

"नाव लिहिलं?"

"नाही. रिकामीच भरली."

ठोंब्या दोरा घेऊन आला. मी त्याला निरोप सांगितला.

"तिला सांग, मी आता ते करत नाही," तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला. "हा दोरा बरोबर आहे ना गं? कच्च्या टाक्याचा?"

"बरोबर आहे."

त्या रविवारची माझी बस सहाची होती.