पंपाचं पॅकिंग

नेकनूरच्या बाजारपेठेत पंचशीलाचं रेडियमचं दुकान होतं. ट्रॅक्टरवरची नावं, मोटारसायकलच्या नंबरपाट्या, काचेवरचे वाघ नि घोडे, सांगाल ते ती कॉम्प्युटरवर रेखाटून मशीनवर कापून द्यायची. त्यामुळं वडलांच्या जुन्या मोटारीच्या पंपाचं पॅकिंग कुठंच मिळेना, तेव्हा ते आता पंचशीलाच करणार हे घरात आपोआप ठरून गेलं.

वडील म्हणजे आश्रुबा गुरुजी. गाडी त्यांनी नोकरीत असताना हौसेनं घेतलेली. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला होता. पाण्याचा पंप गळायला लागला म्हणून गहिनीनाथ मेकॅनिकनं तो खोलला, तर पंप आणि इंजिनामधलं कागदी पॅकिंग पापडासारखं चुरा होऊन खाली पडलं. बीडपासून जालन्याच्या भंगारवाल्यांपर्यंत फोन झाले. कुणाकडंच नव्हतं.

आकार काढणं पंचशीलाला अवघड गेलं नाही. पंपाच्या तोंडाला काळं ऑइल फासून तिनं त्यावर कागद दाबला, ठसा कॉम्प्युटरवर घेतला आणि पॅकिंगच्या कागदातून तस्साच तुकडा कापला. बोल्टांची भोकं बरोब्बर जुळली. पण गाडी चालू करताच आत खरखर सुरू झाली. पॅकिंग पातळ पडलं होतं, पंपाचा पंखा आत घासत होता. मग दोन तुकडे एकावर एक लावले. खरखर थांबली, पण पंखा लांब सरकल्यानं पाणी नीट फिरेना आणि मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन तापून गाडी उभी राहिली. मूळ पॅकिंग किती जाड होतं ते कळावं कसं? चुरा तर झाडून टाकलेला.

"असली एक गाडी नांदूरघाटला हाय," गहिनीनाथ म्हणाला. "भिवराबाईची. पर त्या कुणाला हात लावू देत न्हाईत."

बापलेक एसटीनं गेले. गोठ्याशेजारी गाडी उभी होती, बॉनेट उघडं, आणि बॅटरीच्या जागेत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. पंचशीलानं सगळं सांगितलं. खोललेल्या पंपाला नवं पॅकिंग बसवून देण्याचंही कबूल केलं. भिवराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खोला की," त्या म्हणाल्या. "पर आधी पिल्लं निघू द्या. कोंबडी उठली तर अंडी वाया जातील."

पंचशीलाला हसावं की रडावं कळेना. गुरुजींना मात्र उद्योग मिळाला. अधूनमधून ते पिशवीत बाजरी घेऊन एसटीनं नांदूरघाट गाठायचे, कोंबडीची खुशाली बघायचे, भाकरी खाऊन परतायचे. दुकानात नंबरपाटीला आलेली गिऱ्हाइकंही मग विचारू लागली, काय गुरुजी, निघाली का पिल्लं?

एकदाची निघाली. गहिनीनाथनं पंप खोलला आणि पॅकिंग अख्खं सुटून आलं. पंचशीलानं ते रॉकेलनं पुसलं आणि बघतच राहिली. ते कंपनीचं नव्हतंच. कुणीतरी साध्या पुठ्ठ्यातून कात्रीनं वेडंवाकडं कापलेलं होतं. मागं सोनेरी नक्षी होती.

भिवराबाईंनी ते हातात घेतलं.

"ह्यो माझ्या लग्नातल्या शालूचा खोका हाय," त्या हळूच म्हणाल्या. "खोका गायब झाला तवा मी जावंवर आळ घेतलता. ह्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं न्हाई."

"मालक ह्याच्यावरच गाडी चालवत होते?" पंचशीलानं विचारलं.

"व्हते तवर. कधी तापली न्हाई."

एवढं पुरेसं होतं. पंचशीलानं पुठ्ठ्याची जाडी मोजली, तेवढ्याच जाडीचा पॅकिंगचा कागद मागवला आणि दोन पॅकिंगं कापली. एक भिवराबाईंच्या गाडीला बसलं. दुसऱ्यावर गुरुजींची गाडी घाट चढून गेली, आणि उष्णतेचा काटा मधल्या खुणेच्या पुढं सरकला नाही.

भिवराबाईंना आपली गाडी चालू करून नको होती. त्यांना गुरुजींच्या गाडीतून गेवराईला जावेकडं सोडून हवं होतं. सबंध वाटभर त्या मागच्या सीटवर पुठ्ठा पदरात धरून बसल्या होत्या.

जावेनं पुठ्ठा ओळखला आणि ती मटकन खाली बसून हसायलाच लागली.

"आळ खराच व्हता की," ती म्हणाली. "खोका मीच काढून दिलता भावजींना. कुणाला सांगू नको म्हणालते."

मग भिवराबाईंनाही हसू आवरेना. पंचशीला नि गुरुजी चहा होईपर्यंत दाराशीच उभे राहिले.