किटलीतला पांढरा थर

आमचे हे घरीच रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेतात. काल त्यांना किटलीच्या तळाशी साचलेला पांढरा थर घासायला सांगितलं, तर जागचे हलले नाहीत.

"अगं, ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. पाण्यात विरघळणार नाही. उगाच कशाला हात दुखवायचे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण चेहरा मी अगदी गुणी विद्यार्थिनीचा ठेवला.

"आणि सोडियमचे क्षार हो?"

स्वारी खुलली. "सोडियम दिसलं की डोळे झाकून 'विरघळतं' लिहायचं!"

"नक्की ना? मग शब्द फिरवायचा नाही."

"अगं, जन्म गेला माझा हे शिकवण्यात!"

मी आत गेले आणि त्यांचे आठवडाभराचे शर्ट आणून त्यांच्या मांडीवर टाकले. पाठीवर घामाचे पांढरे नकाशे उमटले होते.

"हे घामातलं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. नुसत्या पाण्यानं निघेल. बादली भरून ठेवलीय."

हे मुकाट्यानं उठले. जाता जाता पुटपुटले, "यापेक्षा किटली परवडली असती."

"तीही बादलीशेजारीच ठेवलीय. व्हिनेगर ओतलं की कार्बोनेट विरघळतं, हेही तुम्हीच शिकवता."