पहिल्या ठिणगीतले सोने

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. लेसरच्या किरणाने वस्तूवर बारीकशी ठिणगी पाडायची आणि त्या ठिणगीच्या प्रकाशावरून वस्तूत कोणकोणते धातू आहेत ते सांगायचे, हे माझे काम. प्रत्येक धातूची प्रकाशरेघ वेगळी; धातू कणभर असला तरी मला ती दिसते. माझे खरे नाव फार लांबलचक आहे. यवतमाळच्या ज्या कॉलेजात मी आयुष्य काढले, तिथला शिपाई उकंडा मला नुसते 'चटका' म्हणे.

तिथल्या प्राध्यापिका साधना मॅडम रोज मऊ कापडाने माझे भिंग पुसत. मातीतले जस्त, लोह मी अचूक सांगे. सगळे कौतुक करीत. मी जरा फुगलेच होते.

ते दिवस कापसाला वाईट होते. बोंडे धरत नव्हती, धरली तर भाव नव्हता. अशात दिग्रसकडच्या एका तांड्यावरून खेमसिंग आणि त्याची बायको जमनी आली. विहीर खणताना त्याला चकाकता दगड सापडला होता. जमनीने तो कमरेच्या बटव्यातून काढून दिला.

"मॅडम, सोनं हाय का पाहा बरं," खेमसिंग म्हणाला. "असन तं कपाशी उपटून सारं वावरच खणतो. त्या कपाशीनं तरी काय देल्लं मले?"

मी ठिणगी पाडली. पडद्यावर सोन्याची रेघ उमटली! बारीक होती, पण होती.

मॅडम तोंड उघडायच्या आत उकंडा व्हरांड्यात पळाला. "चटक्याले सोनं भेटलं!" खेमसिंगने तिथूनच भावाला, रूपसिंगला, फोन लावला. "उपट रे कपाशी! विहिरीपासून सुरू कर!" प्राचार्य हातातल्या चहासकट मला पाहायला आले. मला धन्य धन्य वाटले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याच जागी दुसरी ठिणगी पाडायला लावली. रेघ नाही. तिसरी पाडली. नुसते लोखंड!

"सोनं दगडात नाही, वरून लागलेलं होतं; पहिल्या ठिणगीतच उडून गेलं. जमनीबाई, या बटव्यात आणखी काय आहे?"

जमनीने बटवा उपडा केला. सुपारी पडली, तंबाखूची पुडी पडली आणि सोन्याची फुली पडली. फिरकी सैल झाली म्हणून तिने ती नाकातून काढून ठेवली होती. एसटीच्या धक्क्यांनी ती वाटभर दगडाला घासत आली होती.

खेमसिंग फुलीकडे पाहतच राहिला. जमनी मात्र कडाडली, "आता पाहून काय राह्यले? लावा ना फोन!"

रूपसिंग फोन उचलेना. त्याचे दोन्ही हात उपटण्यात गुंतले होते. सातव्यांदा उचलला.

"दोन ओळी झाल्या दादा. आजून किती?"

जमनीने फोन हिसकावला. "एक झाड बी नोको! माह्या कपाशीले हात लावला तं पाहाजा!"

त्या आवाजाने माझे भिंगसुद्धा थरथरले. मला फार लाज वाटली. मी खोटे बोलले नव्हते, पण घाईने अर्धवट बोलले होते.

संक्रांतीच्या सुमारास जमनी मॅडमसाठी तुरीच्या शेंगा घेऊन आली. विहिरीला गुडघाभर पाणी लागले होते. कापूस जेमतेमच, पण आला होता. जाताना तिने माझ्याकडे पाहिले. "मॅडम, याले सांगजा, एकदम बोलत नोको जाऊ म्हना."

आता मॅडम निवृत्त झाल्या आहेत. माझ्या डोक्यावर जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा आहे आणि भिंगावर धूळ. मित्रांनो, कधी माझ्याकडे आलात तर आधी माझे भिंग पुसा, नमुना धुऊन आणा, आणि मी काही सांगितले की तेच पुन्हा एकदा विचारा. मला राग येणार नाही. उलट, कोणी विचारायला आले, याचाच आनंद होईल.