कुरणापलीकडची हाक

बाळाच्या घोट्यावर प्रसूतिगृहाची पट्टी होती. तिच्यावर निळ्या शाईत ‘थ्वेट, मुलगी’ एवढंच लिहिलेलं. ‘थ्वेट’ हे आमचं आडनाव अजून ठसठशीत होतं. ‘मुलगी’ मात्र फिकट होत चाललं होतं, कारण पाजताना मी तिचा पाय धरायचे आणि माझा अंगठा नेमका त्या शब्दावर यायचा.

नाव नोंदवायची मुदत त्या दिवशी संपत होती. संध्याकाळी तालुक्याची कचेरी बंद झाली की प्रकरण न्यायाधीशापुढे जाणार होतं. अ‍ॅलिस्टर, माझा नवरा, सकाळपासून गाडीची किल्ली खिशात घालून फिरत होता.

उशीर माझ्यामुळे होत होता. मी गावच्या चीज कारखान्यात दूध तपासते. पुरेसे नमुने पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही सवय घरीही सुटत नाही. शिवाय माझं स्वतःचं नाव हेदर. जुराच्या या फ्रेंच डोंगरात मला आजवर कुणी हेदर म्हटलेलं नाही. इथल्या जिभेला ‘ह’ जमत नाही, म्हणून इथे मी ‘एदेर’ आहे. एदेरला हाक मारली की वळून बघायला मला अजून क्षणभर लागतो. मुलीला हे नको होतं. इथे आणि यॉर्कशायरला आईकडे, दोन्हीकडे तिला एकाच नावानं हाक यावी, ही माझी अट. वर्गात त्या नावाची दुसरी कुणी नसावी, ही अ‍ॅलिस्टरची. दोन्ही अटींतून तीनच नावं उरली होती: ओंबलीन, पेरीन आणि सिदोनी.

“अजून ठरत नाही?” आई फोनवर म्हणाली. “आपल्याकडे काय करतात, विसरलीस का? मागच्या दारात उभं राहायचं आणि जोरात हाक मारून बघायची. तुझ्या वेळी तुझ्या बाबांना गर्ट्रूड हवं होतं. एकदाच ओरडले. शेजारचा कुत्रा केकाटला, विषय संपला.”

ही चाचणी मला पटली. बाळाला छातीशी बांधून मी सावकाश कुरणाच्या कडेनं चालत गेले आणि कुंपणाच्या टोकाला थांबले. अ‍ॅलिस्टर मागच्या दारात उभा राहिला. वारा माझ्याकडून त्याच्याकडे वाहत होता, म्हणजे परीक्षा कठीणच होती.

ओंबलीन वाटेतच विरलं. पेरीन अर्धं पोचलं. सिदोनी सबंध आलं, तिन्ही अक्षरं सुटी सुटी.

आणि कळपातल्या एका तांबड्या-पांढऱ्या गाईनं मान वर केली. गळ्यातली घंटा वाजवत ती माझ्याजवळून गेली आणि थेट आमच्या दाराच्या दिशेनं चालू लागली.

“माझ्या गाईला कोण बोलावतंय?” गोठ्यामागून सोलांजबाई आल्या. हे कुरण त्यांचं, गाईही त्यांच्याच. त्यांनी तिला अडवून माझ्याजवळ परत आणलं. “सिदोनीला दिवसातून दोनदाच हाक मारायची असते. आता ती दूध काढायची वेळ झाली समजतेय.”

अ‍ॅलिस्टर कुंपणापर्यंत आला तेव्हा हसत होता. माझं तोंड बघून थांबला. “हेही गेलं म्हणायचं,” तो म्हणाला. “शाळेत पोरं हंबरतील.”

“हंबरतील तर,” सोलांजबाई म्हणाल्या. “चार दिवस. मग दुसरं काहीतरी सापडेल त्यांना. पण तुम्हाला हे नाव मिळालं कुठून?”

“शोधून काढलं,” मी म्हणाले. “दुर्मीळ आहे.”

“दुर्मीळ कसलं? म्हातारं आहे. आणि गाईला का दिलं म्हणशील, तर दर वर्षाला एक अक्षर ठरलेलं असतं, तिचं एसचं वर्ष. त्या वर्षीच्या सगळ्या वासरांची नावं एसवरून. तुला एकच पोर, पोरी. मला चौदा वासरं होती. सोपी नावं संपली की मेलेल्या आत्या-मावश्या उकरायच्या.”

“सिदोनी कोण होती?”

“माझ्या वडिलांची आत्या. पुरुष लढाईवर गेले तेव्हा गावाचं दूध चीज करायला तीच पोचवायची. बर्फ असो, काही असो. भांडखोर होती. ही गायही तशीच आहे.”

“मग तुमच्या नातीला का नाही दिलं?”

“लेकीला म्हातारं वाटलं. तिनं पोरीचं नाव ‘केली’ ठेवलं. तुमच्याकडचं, इंग्रजी. शाळेत चार ‘केली’ आहेत.” त्यांनी गाईच्या पाठीवर थाप मारली. “तुम्ही आमची नावं नेता, आम्ही तुमची. आमच्या आत्याबाई गोठ्यात.”

अ‍ॅलिस्टरनं घड्याळ पाहिलं. “हेदर, आता निघायला हवं. आपोलीन लिहू? इझोर? काहीतरी सांग.”

मी आईला फोन लावला. “आई, एक नाव म्हण. सिदोनी.”

“सिदोनी,” आई म्हणाली. “का गं? कोण आहे ही?”

मी फोन सोलांजबाईंपुढे धरला. त्यांनी फोनकडे संशयानं पाहिलं आणि गोठ्यात हाक मारतात त्याच आवाजात म्हणाल्या, “सिदोनी.” गाईनं पुन्हा कान टवकारले. दोन घरं, दोन म्हाताऱ्या, आणि नाव तेच राहिलं होतं. मला आणखी नमुना नको होता.

“तुमची काही हरकत?” मी विचारलं.

“माझी नाही. गाईला विचार.”

गाय कुंपणाची तार चाटत होती. पट्टीवरच्या फिकट शब्दावरून मी अंगठा बाजूला केला.

“अ‍ॅलिस्टर,” मी म्हणाले, “गाडी काढ. तिचं नाव सिदोनी.”