शेळीची लस

"शेळीची लस? माझ्या बैलाला?" असं म्हणून चेअरमन इतक्या जोरात हसला, की डेअरीच्या ओट्यावरच्या कॅनची झाकणं खडखडली असती, ती घट्ट बसवलेली होती म्हणून वाचली. डेअरीचा चेअरमन हसला की दूध घालायला आलेल्यांनाही हसावं लागे. कारण फॅट मोजणारं यंत्र चेअरमनच्या भाच्याच्या हातात होतं.

हसली नाही ती एकटी आत्या. ती तशी कुणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्या गावाची झाली होती. तिच्याकडे बावीस शेळ्या आणि एक गाय. गावात माणसाला मान मिळायचा तो त्याच्या गोठ्याकडे बघून, आणि शेळ्यांना गोठ्यात धरत नसत. त्यातून आत्याची गाय लहानपणी आईवेगळी झालेली, शेळीच्या दुधावर वाढलेली. तिला गाव 'शेळीची पोर' म्हणे. शेळ्या वर्षातून एकदा विकायच्या. रोजची चूल पेटायची ती या पोरीच्या दुधावर. ती आडवी झाली असती तर आत्याला चुलीपुढे नुसतं बसून राहावं लागलं असतं.

ढोरांचा डॉक्टर बर्फाची पेटी मांडीवर घेऊन ओट्याच्या कडेला बसला होता. नदीपलीकडच्या गावात गायी-बैलांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या होत्या. ताप, नाकातून गळणं, दूध आटणं, आणि मग सगळ्या अंगभर सुपारीएवढ्या गाठी.

"अहो चेअरमन, रोग गायीचा असला तरी त्याचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू सख्खे चुलत," डॉक्टर समजावत होता. "अंगाला एकाची ओळख पटली की ते दुसऱ्यालाही दारातूनच हाकलतं."

"आमच्यात असले चुलत नाहीत," चेअरमन म्हणाला. पुन्हा सगळे हसले.

"हा विषाणू आहे मोठा बेरकी. दुसरे कितीतरी विषाणू पेशीच्या आतल्या खोलीत शिरून तिथली अवजारं वापरतात. हा स्वतःची अवजारं घेऊन येतो आणि ओसरीतच कारखाना टाकतो. घरमालकाला कळेपर्यंत सगळं घर याचं."

"डेअरीचं झालं तसं," आत्या पुटपुटली. शेजारच्या शिंप्याला एकदम खोकला आला.

"ए आत्या, तू शेळ्यांकडे बघ," चेअरमन म्हणाला. "हे बघा डॉक्टर, माझा बैल प्रदर्शनात जायचाय. तिथे कागदावर लिहून घेतात काय काय टोचलंय ते. मी काय सांगू, शेळी? सगळ्या जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माझ्या गावात कुणालाच ही लस द्यायची नाही. सांगून ठेवतो."

तो पांढरी चप्पल फटफटवत निघून गेला. डॉक्टरनं पेटीचं झाकण लावलं.

"डॉक्टर, माझ्या एका गायीला तेवढं टोचा," आत्या म्हणाली.

"एका गायीसाठी कुपी फोडता येत नाही हो आत्या. एका कुपीत शंभर जनावरांची लस. पाण्यात कालवली की थोड्या तासांत संपवायची, नाहीतर फुकट. तीस जनावरं तरी उभी दिसल्याशिवाय फोडू नका, असं वरून सांगितलंय."

"कधीपर्यंत थांबाल?"

"एकपर्यंत. पुढे बर्फ थांबणार नाही."

घड्याळात साडेदहा वाजले होते. आत्याला देवीचा रोग पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. मागे तिच्या कळपात तो शिरला तेव्हा अकरा दिवसांत नऊ करडं गेली होती. वाळून पडलेल्या खपल्या तिनं झाडून कुंपणाकडेला लोटल्या होत्या. रोग गेला असं समजून. दीड महिन्यानं आणलेल्या नव्या करडांनी त्याच कुंपणाला अंग घासलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. खपली वाळते, आतला विषाणू वाळत नाही, हे शिकायला तिला आणखी चार करडं लागली. त्यानंतर शेळ्यांना लस टोचायला दरवर्षी ती पहिली उभी असे, आणि गाव तिला हसे.

आत्या गिरणीवर गेली. दळण न्यायचं नव्हतं. पण गिरणीच्या घरघरीत ओरडूनच बोलावं लागतं, आणि ओरडून सांगितलेली गोष्ट लवकर पोचते.

"काय गं आत्या, डॉक्टर कशाला आलाय?" गिरणीवालीनं विचारलं.

"गाठींच्या रोगाची लस घेऊन आलाय. पण चेअरमननं त्याला बजावलंय."

"काय बजावलंय?"

"गावात कुणालाच द्यायची नाही म्हणून."

गिरणीवालीनं पट्टा थांबवला. रांगेतल्या बायका पुढे सरकल्या.

"कुणालाच नाही? का म्हणून?"

"मला काय ठाऊक बाई. मी शेळ्यावाली."

"त्याचा बैल प्रदर्शनात जायचाय ना?" शिंप्याची आई डोळे बारीक करून म्हणाली.

"हो, ते मात्र म्हणाला तो. बैल प्रदर्शनात जायचाय म्हणून."

"मेल्यानं सगळी लस स्वतःच्या गोठ्याला दाबून ठेवली! आमची जनावरं काय उकिरड्यावरची?"

आत्यानं खोटा शब्द एकही उच्चारला नव्हता. ती खांद्यावरचा पदर नीट करून गाय सोडायला घरी गेली.

बाराला डेअरीसमोर उभं राहायला जागा नव्हती. ज्यांनी सकाळी पोट धरून हसून दाखवलं होतं, ते सगळ्यात पुढे होते. हीच माणसं फुकटची लस म्हणून तोंड फिरवून बसली होती. आता तीच एकमेकांच्या शिंगांतून वाट काढत होती. आत्याला त्यांची कीव आली नाही. तिनं कोपरानं दोघांना बाजूला सारलं आणि आपली गाय पाचवी उभी केली.

गलका ऐकून चेअरमन धावत आला. "अरे, मी नको म्हणून सांगितलं होतं!"

"कळलं ते आम्हाला!" चारपाचजण एकदम म्हणाले.

डॉक्टरनं एकामागून एक सुई बदलत ब्याण्णव जनावरं टोचली. "चेअरमन, कुपीत अजून आठ जनावरांपुरती लस उरलीय. बैल आणा," तो म्हणाला.

"माझा बैल उरलंसुरलं घेत नाही," चेअरमननं मान उंचावून सांगितलं.

महिना झाला असेल. ओल धरली, चावऱ्या माश्यांचे थवे नदी ओलांडून आले. बाकीच्या गोठ्यांत त्या चावल्या आणि उडून गेल्या. चेअरमनच्या गोठ्यात त्यांनी मुक्काम केला. आधी त्याच्या दोन गायींनी वैरण सोडली, मग बैलानं. मानेपासून शेपटीपर्यंत गाठी उठल्या, पाय सुजले. 'ॲलर्जी आहे, पेंड बदलली ना,' असं चेअरमन सांगत फिरला. जीव वाचला तिघांचाही, पण गाठी फुटून खपल्या पडल्या तिथे कातडीला भोकं राहिली. चेअरमननं गोठ्यापुढे ताडपत्री बांधली.

आत्या एकदाच ताडपत्रीपाशी जाऊन म्हणाली, "खपल्या उकिरड्यावर टाकू नका. जाळा."

"मला शिकवायला आली शेळ्यावाली!"

"नका शिकू," असं म्हणून तिनं गड्याकडून खराटा घेतला, सगळ्या खपल्या स्वतः गोळा केल्या आणि रॉकेल ओतून पेटवल्या. तिची गाय त्याच वाटेनं पाण्याला जायची.

डेअरीच्या वार्षिक सभेला वरचा साहेब आला. सगळ्या तालुक्यात रोग पसरलेला, आणि या गावात जनावर दगावलं नाही म्हणून त्यानं कौतुक केलं. चेअरमन माइकपाशी उभा राहिला.

"विज्ञानावर माझा पहिल्यापासून विश्वास," तो म्हणाला. "लोक बिचारे अडाणी, लसीला घाबरत होते. मी म्हटलं, आधी माझ्या बैलाला टोचा! मग कुठे गाव पुढे आलं."

मागच्या सतरंजीवरून आत्या उठली. "साहेब, एवढा मोठा बैल. तो बघितल्याशिवाय जाऊ नका."

"अरे वा, जरूर!" साहेब खुर्चीतून उठलाच. "त्याचा फोटोही घेऊ. कुठे आहे?"

चेअरमननं माइक खाली ठेवला, पुन्हा उचलला. "तो... तो झोपलाय."

"असू द्या, झोपलेला बघू," साहेब चप्पल शोधत म्हणाला. गिरणीवाली वाट दाखवायला पुढे झाली, आणि तिच्यामागून सगळी सभा ताडपत्रीकडे निघाली.

आत्या गेली नाही. गायीची धारेची वेळ टळत होती.