समासातली पेन्सिलची ओळ

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. पितळी कडे, शिसवी मूठ आणि कडेला उडालेला एक टवका, एवढीच माझी ओळख. माझा स्वभाव थोडा गर्विष्ठ आहे हे आधीच सांगून टाकतो. बारीक अक्षर दिसेनासे झाले की भल्याभल्यांना माझ्यापुढे मान वाकवावी लागते, मग गर्व होणारच. पण एकदा अशी वेळ आली की मला सगळे माहीत होते आणि तोंड मात्र नव्हते. त्याची हळहळ अजून गेलेली नाही.

माझी काच कुठे घासली गेली ते मला आठवत नाही. आठवते ते अहमदनगरच्या एका घड्याळजीचे दुकान. म्हातारपणी त्याने दुकान मोडले, तेव्हा सदाशिव मास्तरांनी मला घरी नेले. मास्तर नगरजवळच्या खेड्यात शाळा चालवीत आणि रविवारी तिथल्या लहानशा चर्चमध्ये उपदेश करीत. त्यांचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, फार बारीक टायपाचे होते. रोज सकाळी मला त्यावर धरून ते वाचत आणि वाचता वाचता समासात पेन्सिलने काहीबाही टिपत. अक्षर असे, की मुंग्यांनीच रांग धरली आहे.

एकदा ते पहिल्याच अध्यायापाशी थांबले. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली, ती कथा. बराच वेळ त्यांनी मला एकाच जागी धरून ठेवले. मग समासात लिहिले, ‘सूर्य केला चौथ्या दिवशी. मग आधीचे तीन दिवस कोणत्या घड्याळाचे? देवाचा दिवस आपल्या गजाने मोजू नये.’ लिहून झाल्यावर स्वतःशीच हसले आणि पुस्तक मिटून शाळेत गेले. हे लिहिताना घरात दुसरे कोणी नव्हते. मी तेवढा होतो.

मास्तर गेले. शास्त्र आणि मी, दोघेही त्यांच्या मुलाच्या वाट्याला आलो. भास्करराव रेल्वेत इंजिनिअर झाले आणि बदल्या होत होत लखनौला स्थिरावले. आलमबागेत त्यांनी घर घेतले. तिथले माझे पहिले दिवस मजेचे होते. त्यांच्या पत्नी सुलभाबाई माझ्या मदतीने सुईत दोरा ओवत. त्यांची एकुलती मुलगी चारुलता मला अंगणात नेऊन मुंग्या पाही, आणि उन्हात धरून कागद जाळी. मग ती आणि मी दोघेही बोलणी खात असू.

भास्कररावांना मोजण्याचा भारी नाद. जन्मभर रूळ मोजलेल्या माणसाची सवय अशी सुटते थोडीच? शास्त्रात वंशावळी आहेत, कोण किती वर्षे जगला, कोणाला कितव्या वर्षी मुलगा झाला. ते सगळे आकडे त्यांनी मला फिरवून फिरवून ग्राफ पेपरवर उतरवले आणि बेरीज मांडली. जगाचे वय सहा हजाराच्या किंचित आत निघाले. तो कागद त्यांनी चौकट करून बैठकीत लावला. दर एक जानेवारीला प्रार्थना झाली की चौकट उतरवून ते त्यात एक मिळवत.

वंशावळींची पाने त्यांनी माझ्यातून शंभर वेळा पाहिली, पण पहिला अध्याय एकदाही नाही. तो त्यांना लहानपणापासून तोंडपाठ होता. ते डोळे मिटून म्हणत, आणि म्हणत छान. पाठ असलेल्याला भिंग कशाला लावायचे?

चारुलता मोठी झाली ती दगडांत उमटलेल्या वनस्पती अभ्यासायला. लखनौतल्याच एका संस्थेत तिला काम मिळाले. शहरातली चार-पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबे, कोणी बँकेतले, कोणी रेल्वेतले, महिन्यातून एकदा भास्कररावांकडे मराठीत उपासना करायला जमत. त्या दिवशी मुलांचा वर्ग चारू घेई.

१९९३ च्या फेब्रुवारीत तिने वर्गात एक दगड आणला. त्यात एक सबंध पान होते, मधली शीर, बाजूच्या शिरा, सगळे जागच्या जागी. शेजारी तिने मलिहाबादहून आणलेले आंब्याचे पान ठेवले आणि मला मुलांच्या हातात दिले. किती दिवसांनी माझे इतके कौतुक होत होते! मग जुई नावाच्या लहान मुलीने विचारले, “दीदी, ये पत्ता गिरा कब था?”

चारूने खरे ते सांगितले. सुमारे सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी.

जुईने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिले, मग भास्कररावांकडे. मोठ्यांच्याही माना तिकडे वळल्या. भास्करराव उठून आले, त्यांनी मला मागून घेतले आणि दगडावर धरले. मित्रांनो, मी साक्षीला आहे, त्यांनी ते पान नीट पाहिले. शिरेशिरेवरून मला फिरवले. मला वाटले, आता हे लेकीची पाठ थोपटतील, कारण इंजिनिअरला रेखीव काम कळते. पण समोर चार कुटुंबे बसली होती.

“यातलं एक निवड,” ते म्हणाले. “हा दगड, नाहीतर हे शास्त्र.”

“बाबा, दोन्ही देवानेच लिहिलंय. मैं तो बस पढ़ रही हूँ.”

“माझ्या घरात एकच पुस्तक वाचलं जातं. पुढच्या महिन्यापासून मुलांना सुलभा शिकवील.”

एवढे बोलून त्यांनी मला टेबलावरून दूर सारले. मी फरशीवर पडलो. टवका उडाला तो तेव्हा.

चारूने दगड ओढणीत गुंडाळला. दोन महिन्यांनी तिने कलकत्त्याला नोकरी धरली. भास्करराव तिला जा म्हणाले नाहीत आणि थांबही म्हणाले नाहीत. पहिल्या नाताळला ती आली, तेव्हा बापलेक गाड्यांच्या वेळांविषयी तेवढे बोलले. पुढे येणेही थांबले. पत्रे आईच्या नावाने येत. सुलभाबाई ती मुद्दाम मोठ्याने वाचत, आणि भास्करराव पेपरमागे तोंड लपवून ऐकत. त्या वेळी पेपराचे पान उलटत नसे.

शास्त्र आणि मी एकाच फळीवर होतो, मध्ये वीतभर अंतर. लेकीच्या बाजूने आजोबांची साक्ष त्या पुस्तकात पहिल्याच पानावर होती, आणि ती ठाऊक असणारा मी एकटा धूळ खात पडलो होतो. फार वाईट वाटे. चौकटीतला आकडा मात्र दर जानेवारीला एकने वाढत होता.

मग भास्कररावांची नजर अधू झाली. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असे म्हणत त्यांनी दोन वर्षे घालवली. निघाला काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. १९९९ च्या एक जानेवारीला चौकट उतरवली गेली नाही आणि शास्त्र सुलभाबाईंच्या हाती आले. नवे वर्ष म्हणून त्यांनी पहिल्या अध्यायापासून आरंभ केला. त्यांना काही तो पाठ नव्हता. मला धरून दिसेल ते वाचत होत्या, आणि माझ्यातून समासही शास्त्राएवढाच ठळक दिसतो. चौथा दिवस आला तशी त्याच सुरात त्या पेन्सिलची ओळही वाचून गेल्या.

“थांब,” भास्करराव म्हणाले. “हे शास्त्रात नाही.”

“इथे लिहिलंय ना. अहो, मामंजींचं अक्षर आहे.”

“परत वाच.”

त्यांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. दुपारी त्यांनी कलकत्त्याला फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलले. ये म्हणाले, आणि तो दगड आण म्हणाले.

चारू आली. तिच्या केसांत पांढरी बट दिसत होती, पण ती भास्कररावांना दिसली नाही. तिने दगड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि जुन्या सवयीने मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी मला जवळ नेले, दूर नेले, उजेडाकडे फिरवले, आणि शेवटी खाली ठेवले. मी माझे काम चोख करीत होतो, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

“त्या दिवशी मला दिसलं होतं, चारू,” ते म्हणाले. “शीर न् शीर दिसली होती. लोक बसले होते म्हणून मी गप्प राहिलो. आता बघायचंय, तर दिसत नाही.”

चारूने त्यांचे बोट धरले आणि पानाच्या मधल्या शिरेवरून देठापासून टोकापर्यंत हळूहळू नेले.

मित्रांनो, जग सहा हजार वर्षांचे की कोट्यवधी वर्षांचे, ते सांगणे माझ्यासारख्या भिंगाचे काम नाही. फळीवर पडल्या पडल्या मला मोजता आली ती वर्षे सहा. तेवढी मात्र त्या दोघांच्या हातून कायमची गेली. म्हणून एक मागणे आहे. घरात माझ्यासारखे एखादे भिंग असेल तर पुसून हाताशी ठेवा, आणि जे पान तुम्हाला अगदी पाठ आहे, तेही डोळे धड आहेत तोवर एकदा भिंग धरून वाचा.