गसचं वजन

कोणीतरी गसला चोरून खाऊ घालत होतं, याबद्दल आर्लिस नॉर्डविकच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की कोण.

जूनपासून गसला जुलाब होत होते. बारा वर्षांचा, आखूड पायांचा, लोंबत्या कानांचा कुत्रा तो, आणि पोरंबाळं नसलेल्या त्या घरात त्याचा तोरा एकुलत्या एका लेकासारखा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई केसेल यांनी सांगितलं, की आजवर न खाल्लेलं मांस द्या, म्हणजे त्याला कशाचं वावडं आहे ते कळेल. आता उत्तर मिनेसोटात हरणाचं मांस कुत्र्यांनी माणसांइतकंच खाल्लेलं, म्हणून ससा ठरला. सशाचं डबाबंद अन्न, वर चमचाभर उकडलेला लाल भोपळा, आणि पोटातले चांगले जंतू वाढवणारी चिमूटभर पूड. दोन महिने याखेरीज काही नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही.

आर्लिसनं हे व्रतासारखं पाळलं. सुरुवातीला गुण आला, गस अंगणात शहाण्यासारखा बसू लागला. मग जुलैच्या मध्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एका सकाळी तिनं त्याची घाण काडीनं उकरून पाहिली, तर आत मक्याचे दाणे. सशाच्या डब्यात मका कुठून येणार?

संशय घ्यायला आर्लिसला कधी फार लांब जावं लागत नसे. कुंपणापलीकडे इर्या लांपिनेन राहत होती. विधवा, सढळ हाताची, सदा वेलदोड्याचा गोड पाव भाजणारी. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली की गस शेपटी हलवत कुंपणाशी हजर. आणि मका तर तिच्या परसातच लावलेला. आणखी काय पुरावा हवा?

पण त्या गावात कोणी कोणाला तोंडावर बोलत नाही. आर्लिस कुंपणाशी गेली, हवेबद्दल बोलली, डासांबद्दल बोलली, आणि निघता निघता म्हणाली की गसला हल्ली बाहेरचं काही सोसत नाही हं. इर्या म्हणाली, "अगं, मी कशाला देईन?" आर्लिसनं मान डोलावली आणि एकाही अक्षरावर विश्वास ठेवला नाही.

डेल्मार, तिचा नवरा, तेवढा म्हणाला, "इर्या तसं नाही करणार." तो मुळातच अबोल. लोखंडाच्या खाणीत उभा जन्म गेला, तिथल्या आवाजात बोलायची सवयच राहिली नाही. आर्लिसला वाटलं, याला माणसं कळत नाहीत. मात्र एका गोष्टीचं तिला समाधान होतं. बटाटे, खिमा आणि मका घालून भाजलेली तिची हॉटडिश डेल्मार पूर्वीसारखीच संपवत होता. ती बातम्या बघायला बाहेर बसे, तो आत टेबलापाशी सावकाश जेवे, आणि त्याची ताटली इतकी लख्ख निघे की धुवायचंसुद्धा काम नसे. घरात एकाचं तरी पोट ठिकाणावर आहे, असं ती म्हणायची.

खरी भीती वेगळीच होती. दर रविवारी चर्चहून आलं की गसचं वजन व्हायचं. तो काट्यावर एकटा उभा राहीना, म्हणून डेल्मार त्याला उचलून न्हाणीघरातल्या काट्यावर चढे, आर्लिस वाकून आकडा वाची आणि त्यातून डेल्मारचे एकशे नव्वद पौंड वजा करी. हे एकशे नव्वद डेल्मार निवृत्त झाला तेव्हापासूनचे, त्याच्या जन्मतारखेइतके पक्के. जूनमध्ये गस बत्तीस भरला होता. ऑगस्टअखेर पंचवीस. वजन घटत होतं आणि पोट मात्र फुगत होतं. फोनवर हे ऐकून केसेलबाईंचा आवाज बदलला. असं असेल तर आतड्यांतून सत्त्वच गळतंय, त्या म्हणाल्या; पोट उघडून बघावं लागेल, आणि या वयात त्याला ते झेपेलच असं नाही. शुक्रवारी घेऊन या.

त्या संध्याकाळी आर्लिसनं आपल्याकडे राहिलेला इर्याचा केकचा साचा उचलला, घासूनपुसून तिच्या पायरीवर नेऊन ठेवला. रिकामा. त्या भागात शेजारणीचं भांडं रिकामं कोणी परत करत नाही; निदान चार टोमॅटो तरी घालतातच. रिकामं भांडं म्हणजे शिवी. इर्याला ती कळली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या खिडकीचा पडदा ओढलेलाच राहिला.

शुक्रवारी डेल्मारनं गाडी चालवली आणि बाहेरच थांबतो म्हणाला. केसेलबाईंनी गसला मोठ्या काट्यावर चढवलं, पोट दाबून पाहिलं, आणि आर्लिसकडे वळल्या. "छत्तीस पौंड."

आर्लिस म्हणाली, तुमचा काटा बिघडलाय. बाईंनी गसला उतरवून पुन्हा चढवलं. पुन्हा छत्तीस.

"पोटात पाणी साठलेलं नाही, आर्लिस. ही चरबी आहे. कुत्रा आजारी नाही, लाडावलेला आहे. रोज ताटभर जेवण मिळतंय त्याला, तेही माणसाचं."

आर्लिसचं मन आधी कुंपणापलीकडेच धावलं. पण ताटभर? रोज? इर्या पावाचा तुकडा टाकेल, ताट नाही. आणि घरचा काटाही खोटा नव्हता. परवाच तिनं त्यावर बटाट्यांची गोण तोलली होती. दोन्ही काटे खरे, तर मग घटलं ते काय? तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. डेल्मार गाडीत समोर बघत बसला होता. शर्टाच्या गळपट्टीत त्याची मान इकडेतिकडे हलत होती, बापाचा शर्ट घातलेल्या पोरासारखी.

घरी आल्यावर तिनं न्हाणीघरात काटा मांडला आणि हात पुढे केले. "आज गसला मी धरते. तू चढ."

"कशाला आता?"

"चढ, डेल्मार."

बूट काढून तो चढला. काटा एकशे एकोणऐंशीवर थांबला. आर्लिस गसला घेऊन टबाच्या काठावर बसली. गस चांगलाच जड होता. इतक्या रविवारी तिनं एकदा जरी त्याला स्वतः उचललं असतं, तर तेव्हाच कळलं असतं.

"घशाखाली उतरत नाही गं," डेल्मार काट्यावरूनच म्हणाला. "सूप जातं. बाकीचं अडकतं. ताटात टाकलं असतं तर तू विचारलं असतंस."

"मग विचारू द्यायचं होतं."

"तू गसच्या काळजीत होतीस. म्हटलं, एका वेळी घरात एकच आजारी बरा."

तिला त्याला बदडावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं त्याचे बूट उचलून त्याच्या पायांशी नीट लावून ठेवले. कुंपणापलीकडे संशय घेऊन झाला होता, फक्त समोरच्या खुर्चीतल्या माणसाकडे तिनं डोळे उघडून पाहिलं नव्हतं. डेल्मारच्या डॉक्टरांकडे फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीनं दोनदा विचारलं, कधीपासून? आर्लिसला ते नवऱ्याला विचारून सांगावं लागलं. सोमवारी डुलूथच्या मोठ्या इस्पितळात या, असं उत्तर आलं.

रविवारी दुपारी ती आपलं सगळ्यात मोठं भांडं हॉटडिशनं भरून इर्याच्या दारात उभी राहिली. गस पायाशी होता. दार जरासंच उघडलं. इर्यानं भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गसला दोन दिवस ठेवून घेशील? आम्हाला डुलूथला जायचंय."

"त्याला काय काय चालतं, ते सांगून ठेव बाई," इर्या थंडपणे म्हणाली. "नंतर माझ्यावर यायला नको."

आर्लिसला उत्तर द्यायचं होतं. ससा, भोपळा, पूड, सगळं तोंडपाठ होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "डेल्मार जेवत नाहीये, इर्या." ओळखीच्या माणसापाशी हे तिनं पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि म्हटल्यावर भांडं तिच्या हातांतून निसटायला लागलं.

इर्यानं पुढे होऊन भांडं धरलं. मग पायानंच तिनं दार पूर्ण उघडलं.